बोध घेणे आणि लक्षात घेणे

आजचा जाहीर केलेला विषय पुढच्या वेळी घेऊ. मधे एक गोष्ट घडली, आणि ती आधी बोलल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येईना.

मागच्या व्याख्यानानंतर एक विद्यार्थिनी थांबली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात निबंध होता, 'कादंबऱ्यांनी मला काय शिकवलं' या विषयावरचा. स्पर्धेसाठी लिहिलेला, दुसरं बक्षीस मिळालेला. "सर, वाचून सांगाल का, पहिलं का नाही आलं?" म्हणाली. आम्ही घरी नेला, दोनदा वाचला. आज तिच्या परवानगीने त्यावर बोलतो आहोत, नाव मात्र सांगणार नाही.

निबंध वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. भाषा स्वच्छ आहे, आणि मुलीने पुस्तकं खरोखर वाचली आहेत. गाइड वाचून लिहिलेलं चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला दुसऱ्या वाक्यात कळतं. तिने चार कादंबऱ्या घेतल्या आहेत: ययाती, बनगरवाडी, कोसला आणि पण लक्षात कोण घेतो. प्रत्येकीतून एक धडा काढला आहे. ययातीतून, वासनेला अंत नसतो, संयम हवा. बनगरवाडीतून, एक प्रामाणिक शिक्षक गाव बदलू शकतो. कोसलातून, आयुष्य निरर्थक वाटलं तरी जगलं पाहिजे. आणि हरिभाऊंच्या कादंबरीतून, विधवांना सन्मानाने वागवलं पाहिजे.

आता यात चूक काय? चारही वाक्यं बरोबर आहेत. अडचण तीच आहे! ही वाक्यं कादंबरी न वाचताही बरोबर आहेत. जेरोम स्टॉलनिट्झ नावाच्या अमेरिकन सौंदर्यशास्त्रज्ञाने १९९२ साली एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की कलाकृतीतून सत्य मिळतं म्हणता ना, मग ते एका वाक्यात सांगा. जेन ऑस्टिनची प्राइड अँड प्रेज्युडिस घ्या. गर्व आणि पूर्वग्रह माणसांना एकमेकांपासून दूर ठेवतात, एवढंच हाती लागतं. हे कुठल्याही आजीला ठाऊक आहे. स्टॉलनिट्झचा निष्कर्ष असा, की कलेतून मिळणारं ज्ञान क्षुल्लक असतं. आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही. पण त्याचा पहिला अर्धा भाग या निबंधाला तंतोतंत लागू पडतो, हे नाकारता येत नाही.

आणि मंडळी, दोष त्या मुलीचा नाही. 'या कादंबरीतून कोणता बोध होतो?' हा प्रश्न आम्ही स्वतः काढलेला आहे. आम्ही शिकवलं तत्त्वज्ञान, पण नीतिशास्त्राच्या पेपरात साहित्यातलं उदाहरण मागायची आम्हाला हौस होती. वर्षानुवर्षं पाच गुणांना तो प्रश्न घातला, आणि ज्याने एका ओळीत बोध लिहिला त्याला पाचपैकी चार दिले. म्हणजे ही सवय आम्हीच लावली, आणि आता तिच्यावर टीका करायला उभे आहोत. असो.

आपल्याकडे हा विषय जुना आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने काव्याची प्रयोजनं सांगताना उपदेशालाही जागा दिली. वेद मालकासारखा आज्ञा करतो, पुराण मित्रासारखं समजावतं, आणि काव्य कांतेसारखं, प्रिय पत्नीसारखं, गोडीने वळवतं. याला कान्तासंमित उपदेश म्हणतात. कल्पना मोहक आहे. पण यात उपदेश आधीच ठरलेला असतो, काव्य फक्त तो गोड करतं. औषधाची गोळी तीच, वरून साखर. (आणि ज्यांच्या घरी कांता आहे त्यांना हेही माहीत असेल, की ती नेहमी गोडीनेच सांगते असं नाही, आणि तिचं म्हणणं एका वाक्यात कधीच मावत नाही. मम्मटाने तेवढा विचार केला असता तर बरं झालं असतं.)

आता एकेक कादंबरी पाहू. ययाती १९५९ सालची. उपभोगाने वासना शमत नाही, हा धडा खांडेकरांचा नाहीच. तो महाभारताच्या आदिपर्वात ययातीच्याच तोंडी आहे, मनुस्मृतीतही आहे. मग खांडेकरांनी काय केलं? ही कथा त्यांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली. देवयानी बोलत असते तोवर तिचा राग आपल्याला पटत जातो, आणि शर्मिष्ठा बोलू लागली की आपण थोडे ओशाळतो. संयमाचा धडा लिहिणारा माणूस ययातीच्या बाजूला बसून लिहितो. त्याच्या संयमाअभावी दोन बायकांच्या वाट्याला काय आलं, ते धड्यात येत नाही. खांडेकर स्वतः सुभाषितांचे मोठे शौकीन, जीवनासाठी कला म्हणणारे. त्यांच्याच पुस्तकातून सुभाषित काढून घेतलं तर पुस्तकाचा चांगला भाग हातून निसटतो, याची आम्हाला गंमत वाटते.

बनगरवाडीत तर धडा सरळसरळ उलटा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर येतो, शाळेत पोरं जमवतो, गावाला एकत्र करून तालीम बांधतो. इथपर्यंत मुलीचं वाक्य चालतं. पण पुढे दुष्काळ येतो. मेंढरं मरतात, माणसं पोटासाठी वाडी सोडून जातात, शाळा ओस पडते. मास्तर काय करू शकतो? निघून जातो. प्रामाणिक शिक्षकाने गाव बदललं, हे वाक्य लिहायला शेवटची पानं विसरावी लागतात. ती तिने वाचली नाहीत असं नाही. वाचली, पण धड्यात बसेनात म्हणून सोडली. धडा शोधत वाचलं की असं होतं. जे बसतं तेवढंच दिसतं.

कोसलाबद्दल फार बोलत नाही. १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांनी लिहिलेल्या या कादंबरीचा पांडुरंग सांगवीकर अशा निबंधी वाक्यांची टिंगल करण्यातच अर्धं पुस्तक घालवतो. त्याची धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते. त्या प्रकरणातून जो माणूस 'तरी जगलं पाहिजे' एवढंच घेऊन बाहेर येतो, त्याला आम्ही पुन्हा वाचायला सांगू.

आता ज्यासाठी हे सगळं बोलायला घेतलं तिथे येतो.

मुलीने पक्क्या प्रतीबरोबर चुकून कच्चा मसुदाही दिला होता. त्यात चौथ्या कादंबरीच्या भागात पाच-सहा ओळी लाल शाईने खोडलेल्या आहेत, आणि समासात मार्गदर्शकांनी लिहिलं आहे, 'विषयांतर'. त्या ओळी तिच्या परवानगीने वाचतो:

"आमच्या घरी चैत्रातल्या हळदीकुंकवाला आत्या आतल्या खोलीत बसते. तिला कोणी बस म्हणत नाही. ती आपणहून जाते. हे मी लहानपणापासून बघत होते, पण मला वाटायचं तिला गर्दी आवडत नाही. यमूचं वाचल्यावर त्या वर्षी मी कैरीची डाळ घेऊन आत गेले आणि तिच्याजवळ बसले. मला काय बोलावं कळलं नाही."

बस, एवढंच. पक्क्या प्रतीत याच्या जागी आहे, 'विधवांना सन्मानाने वागवलं पाहिजे'.

मंडळी, आमच्या मते त्या निबंधात खरी समीक्षा एवढीच होती, आणि तीच खोडली गेली. का, ते सांगतो.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये करमणूक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. यमू स्वतःच आपली हकीकत सांगते. पानंच्या पानं घरातल्या बारीकसारीक गोष्टी आहेत. आईबाप, भाऊ, मैत्रीण, सासरची माणसं, कोण कोणाला काय बोललं, कोण रुसलं. आजच्या वाचकाला वाटतं, अहो, पुढे चला. पण हरिभाऊ मुद्दाम थांबतात, असं आम्हाला वाटतं. कारण पुढे नवरा वारल्यावर जेव्हा यमूचं तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन होतं, तेव्हा ते 'एका विधवेचं' होत नाही. आपल्या माहितीतल्या एका मुलीचं होतं. केशवपन वाईट, हे सांगणारे निबंध तेव्हा भरपूर होते. त्याआधी, १८५७ सालीच, बाबा पदमनजींनी यमुनापर्यटनात विधवांची दशा मांडली होती. मत तयार होतं. कमी होतं ते दुसरंच काही.

ते काय, हे शीर्षकातच आहे. आपल्या मराठीत 'लक्षात ठेवणे' आणि 'लक्षात घेणे' ही दोन क्रियापदं आहेत. धडा लक्षात ठेवायचा असतो, परीक्षेपर्यंत किंवा जन्मभर. माणूस लक्षात घ्यायचा असतो. हरिभाऊंनी 'कोण ठेवतो' असं म्हटलेलं नाही. तक्रार अशी, की हे सगळं डोळ्यांसमोर चाललं आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी लक्षात घेत नाही. आत्या आत बसते हे त्या मुलीला माहीत नव्हतं का? वीस वर्षं माहीत होतं.

आयरिस मर्डॉक ही तत्त्वज्ञ होती आणि कादंबरीकारही. १९७० सालच्या द सॉव्हरिन्टी ऑफ गुड या पुस्तकात तिने एक उदाहरण दिलं आहे, आणि गंमत म्हणजे ते सासू-सुनेचं आहे. सासूला सून पसंत नाही. गावंढळ वाटते, पोरकट वाटते. पण सासू सभ्य आहे, वागण्यात काही दिसू देत नाही. मग एके दिवशी ती स्वतःशी म्हणते, माझंच बघणं कोतं असेल, पुन्हा बघते. आणि हळूहळू तिला दिसतं, की ही गावंढळ नाही, साधी आहे. पोरकट नाही, टवटवीत आहे. मर्डॉक मुद्दाम असंही सांगते, की सून परदेशी गेली आहे किंवा वारली आहे असं समजा, म्हणजे बाहेरून काहीच बदललेलं नाही. तरी नैतिक दृष्ट्या काहीतरी घडलं आहे. कुठला नवा नियम सासूला मिळालेला नाही. तिने नीट पाहिलं, एवढंच. मर्डॉक याला अवधान म्हणते, आणि ही कल्पना तिने सिमोन वेलकडून घेतली.

कादंबरी हेच काम करते असं आमचं म्हणणं आहे. ती पुन्हा बघायला लावते. मग ज्याने पाहिलं त्याच्या हातून काय होईल, ते कादंबरी सांगत नाही. डाळ घेऊन आत जा, असं हरिभाऊंनी कुठेही लिहिलेलं नाही.

आता यावर एक आक्षेप आहे, आणि तो आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. नुसतं पाहून काय होतं? विल्यम जेम्सने १८९० च्याच आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात एका रशियन बाईचं उदाहरण दिलं आहे. नाटकातल्या पात्रांच्या दुःखाने ती आत रडते आहे, आणि बाहेर तिचा गाडीवान थंडीत गोठतो आहे. इकडे पुण्या-मुंबईत त्याच सुमारास यमूसाठी डोळे पुसणारी घरं होती, आणि त्याच घरांत न्हावी बोलावला जात होता. मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने विधवांच्या केशवपनाविरुद्ध संप केला तोही १८९० साली. वस्तरा खाली ठेवला त्या लोकांनी. कादंबरी वाचून नव्हे, सत्यशोधकांच्या चळवळीतून. तेव्हा कादंबरीने समाज बदलला असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी जे केलं ते वाचकांच्या अश्रूंपेक्षा मोठं होतं, यात शंका नाही.

पण जेम्सच्या बाईला आम्ही असंही विचारू, की तू नाटक पाहिलंस, की नाटकात रडलेली स्वतःला पाहिलंस? दोन्हींत फरक आहे. त्या मुलीच्या खोडलेल्या ओळींत तिच्या स्वतःच्या भावनेबद्दल एक शब्द नाही, बघा. 'मला फार वाईट वाटलं' असं नाही. आत्या आहे, खोली आहे, डाळ आहे, आणि 'काय बोलावं कळलं नाही' आहे. हे शेवटचं वाक्य स्पर्धेत चालत नाही. तिथे शेवटी काहीतरी कळावं लागतं.

तर, पहिलं बक्षीस का नाही आलं, या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. परीक्षकांच्या हिशेबात तिला दुसरंच येणार होतं. आम्ही मसुद्यातल्या त्या ओळींखाली पेन्सिलीने एवढंच लिहून परत केला: 'आत्या काय म्हणाल्या?'

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "काही नाही सर. आत्या म्हणाली, तू बाहेर जा, बायका काय म्हणतील. मी नाही गेले. मग तिने डाळ खाल्ली, आणि म्हणाली मीठ कमी पडलंय."

प्रश्न असतील तर विचारा. माइक मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या.