नाण्यांवरील राजप्रतिमा

नाण्यावर ठसविलेली राज्यकर्त्याची मुखाकृती. रोमन साम्राज्यात, विशेषतः त्याच्या पूर्वेकडील प्रांतांत, अनेक नगरे इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत स्वतःची नाणी पाडीत. त्यांच्या दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचे वा त्याच्या कुटुंबियांचे मुख व ग्रीक लेख, तर मागील बाजूवर स्थानिक देवता किंवा मंदिर असे. ठसा कोरणाऱ्या कारागिरापुढे सम्राट नव्हे, त्याची दुसरी एखादी प्रतिमा असे. त्यामुळे एकाच सम्राटाचे मुख नगरागणिक बदलते. राजाचे रूप दाखविण्यापेक्षा नगराने मान्य केलेली सत्ता दर्शविणे, हेच या प्रतिमेचे मुख्य कार्य होय.

महाराष्ट्रात याचा पडताळा क्षत्रप नहपानाच्या नाण्यांत येतो. जोगळटेंभी (जि. नाशिक) येथे १९०६ मध्ये त्याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांवरील मुखांत वय व चेहरेपट्टी इतकी भिन्न आहे की, ती रोमन नाण्यांवरून उचलली असावीत, असा तर्क करण्यात आला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले नाव व चिन्हे पुन्हा ठसविली. शत्रूचा चेहरा त्याने आपल्या चेहऱ्याने नव्हे, तर नावाने झाकला.

विदर्भातील पुरावाही बहुतांशी नावाचाच आहे. तऱ्हाळा (जि. वाशीम) येथे १९३९ मध्ये मिळालेल्या सातवाहनांच्या पोटीन नाण्यांवर हत्ती, उज्जैन चिन्ह व ब्राह्मी लेख आहेत, मुख नाही. तरीही वा. वि. मिराशी यांना त्यांवरून कुंभ, कर्ण इ. पुराणांत न आढळणारे राजे उमगले.

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठच्या पवनार येथे नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये उत्खनन केले. तेथील सिंहछाप नाणी सामान्यतः विष्णुकुंडिन वंशाची मानतात. परंतु त्यांवर मुख नाही आणि नावही नाही. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, हे मिराशी यांचे मत, पुढे मनसर (जि. नागपूर) येथील उत्खननानंतर ते वादग्रस्त ठरले. अशा स्थळी परक्या वंशाचे नाणे मिळाले की तेथे त्या वंशाची सत्ता होती, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तथापि नाणे व्यापाराबरोबरही प्रवास करते. मुखावरून सत्तेचा दावा व लेखावरून राजाची ओळख पटते. दोन्ही नसतील, तेव्हा सापडलेल्या थराचा काळ तेवढा अभ्यासकाच्या हाती राहतो. पवनारच्या नाण्यांवरून राजवट ठरविताना ही मर्यादा पाळली पाहिजे.