'गुलामगिरी'चं अर्पणाचं पान, आणि 'प्रभाव' नावाची पळवाट

पीएच.डी.चा आराखडा लिहून 'जरा बघता का' म्हणून पाठवणारे आता बरेच झालेत. सोनपेठ, गंगाखेड, पाथरीकडची मुलं-मुली जास्त, कारण ओळखीचा माणूस म्हणून त्यांना संकोच वाटत नाही. इतिहासवाल्यांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास असतं : महात्मा फुले यांच्यावर अमेरिकन राज्यक्रांतीचा व थॉमस पेन यांचा प्रभाव होता. वाक्य खोटं नाही. पण त्यातला 'प्रभाव' काहीच सांगत नाही. कुणी काय वाचलं, त्यातलं काय घेतलं, काय सोडलं, काय उलटं केलं, हे सगळं तो शब्द गिळून टाकतो. व्हायवाला कुणी 'म्हणजे नेमकं काय?' असं विचारलं की मग पंचाईत.

म्हणून आज 'गुलामगिरी'चं फक्त अर्पणाचं पान घेऊ. पुस्तक १८७३ चं. फुल्यांनी ते अर्पण केलंय युनायटेड स्टेट्समधल्या सज्जन लोकांना. कारण असं सांगितलंय, की त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामी उदारपणा, निरपेक्षपणा दाखवला. आणि इच्छा अशी, की आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं. बस, इतकंच.

आता हे पान अमेरिकेचा इतिहास म्हणून वाचलं तर ते कच्चं आहे. हे बोलायला आपण घाबरतो, पण टीका म्हणजे आरती नव्हे. जाहीरनामा १७७६ चा, सर्व माणसं समान म्हणणारा. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावरून राजाला धारेवर धरणारा एक परिच्छेद होता. काँग्रेसनं तो काढून टाकला. जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक. वॉशिंग्टनचीही तीच गोष्ट. त्यानं आपल्या मालकीच्या गुलामांना मोकळं करायचं लिहिलं ते मृत्युपत्रात. १७८७ च्या संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरली, पळालेला गुलाम मालकाला परत द्यायची सोय केली, बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही असंही लिहिलं. आणि एवढं सगळं करताना 'गुलाम' हा शब्द एकदाही वापरला नाही! 'इतर व्यक्ती' वगैरे म्हणून वेळ मारून नेली. ज्या कागदानं तो शब्द लपवला त्या देशाला अर्पण केलेल्या मराठी पुस्तकाचं नावच 'गुलामगिरी' आहे. आराखड्यात लिहिण्याजोगी गोष्ट खरं तर ही आहे.

आकडे बघा. १७९० च्या पहिल्या जनगणनेत गुलाम साधारण ७ लाख. १८६० मध्ये जवळपास ४० लाख. म्हणजे इंग्रजांचं राज्य गेलं, प्रजासत्ताक आलं, आणि त्या प्रजासत्ताकात गुलाम पाचपटीहून जास्त झाले. यामागचं मोठं कारण आपल्या ओळखीचं आहे : कापूस. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं, दक्षिणेत कापसाचा पेरा वाढला, वेचणीला हात लागले. सोनपेठच्या शिवारात ज्यानं एक हंगाम कापूस वेचलाय त्याला 'हात लागले' म्हणजे काय ते सांगायची गरज नाही.

मग १८६५ ला गुलामी संपली ती कुणाच्या उदारपणानं? गुलामीविरोधी चळवळीतले गोरे होते, त्यांनी हाल सोसले, हे खरंच. पण सहा लाखांवर माणसं मेली त्या यादवीत उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई होते. फ्रेडरिक डग्लससारखा स्वतः गुलामीतून निसटलेला माणूस वर्षानुवर्षं बोलत-लिहीत होता. अर्पणाच्या पानावर यांच्यापैकी कुणी नाही. तिथं मुक्त करणारे आहेत, मुक्त होणारे नुसते घेणारे आहेत. आणि गंमत म्हणजे पुस्तक नेमकं याच्या उलट चालतं. आत धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि भागामागून भाग मत्स्य, वराह, वामन, परशुराम यांच्या कथा उसवत जातात. शूद्रानं स्वतः डोळे उघडल्याशिवाय बेडी दिसणार नाही आणि दिसल्याशिवाय तुटणार नाही, असा सगळा रोख. पान म्हणतं देणाऱ्यानं द्यावं, पुस्तक म्हणतं घेणाऱ्यानं ओळखावं. ही विसंगती आहे, आणि ती झाकून ठेवणाऱ्या प्रबंधापेक्षा ती दाखवणारा प्रबंध मला बरा वाटेल.

पण इथं थांबलो तर आपण फुल्यांना फक्त चुका काढण्यापुरतं वाचलं असं होईल. मला जास्त मोलाचं वाटतं ते या पानावर नसलेलं वर्ष. १७७६ तिथं नाही. चरित्रकार सांगतात की तरुण जोतीरावांनी पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं, वॉशिंग्टनचं चरित्र वाचलं होतं. म्हणजे इंग्रजांना हाकलणारी अमेरिका त्यांना माहीत होती. तरीही मान द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी गुलाम मोकळे करणारी अमेरिका निवडली. कुणी म्हणेल, इंग्रज सरकारकडून शूद्रांच्या शिक्षणाची अपेक्षा होती, मग बंडाचं नाव कसं घेणार? त्यात तथ्य आहे. पण तेवढंच नसावं. परक्याचं राज्य जाणं आणि माणूस मोकळा होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, मधे जवळजवळ नव्वद वर्षंसुद्धा जाऊ शकतात, हे अमेरिकेइतकं स्वच्छ दुसरीकडं दिसत नव्हतं. पुढं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त फुले नॅशनल काँग्रेसला विचारतात ते हेच : सगळे लोक एकमय नसताना 'नेशन' कसलं? त्या प्रश्नाचं बी मला या पानावर दिसतं. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. तुमच्या आराखड्यात तो गृहीतक म्हणून घाला, निष्कर्ष म्हणून नको.

पेनबद्दलही थोडं. सगळे 'राइट्स ऑफ मॅन'वर थांबतात. ते १७९१-९२ चं, फ्रेंच क्रांतीच्या बाजूनं बर्कला दिलेलं उत्तर. अमेरिकन क्रांतीतलं पेनचं पुस्तक 'कॉमन सेन्स', १७७६ चं. 'गुलामगिरी'ची खिल्ली उडवायची तऱ्हा, परशुरामाला 'चिरंजीव असाल तर हजर व्हा' म्हणून धाडलेलं पत्र, हे मला पेनच्या तिसऱ्याच पुस्तकाच्या, 'एज ऑफ रीझन'च्या जवळचं वाटतं. तिथंही धर्मग्रंथाला साक्षीदारासारखं उभं करून उलटतपासणी घेतलीय. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून कलमागणिक ताडून बघितल्याशिवाय 'प्रभाव' म्हणू नये.

आणि अमेरिका फक्त पुस्तकातून आली असंही नाही. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं. कंपनी सरकारनं त्यांना निघून जायला फर्मावलं होतं. हे लोक त्या कोवळ्या प्रजासत्ताकात वाढलेले. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या, पुढं अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) त्यांनी मुलींची शाळा चालवली, ती फुल्यांनी बघितली होती. १८४२ पासून नगरहून 'ज्ञानोदय' निघू लागला. शिवाय यादवीच्या काळात अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईचा भाव चढला, १८६५ ला कोसळला. कर्ज काढून बसलेला दख्खनचा कुणबी त्यात कसा रुतला, ते १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या तेव्हा सगळ्यांना कळलं. 'गुलामगिरी' या दोन्हींच्या मधली आहे.

तेव्हा विषयाचं नाव 'फुल्यांवरील अमेरिकन क्रांतीचा प्रभाव' असं न ठेवता छोटं करा. १८६१ ते १८७३ एवढाच काळ घ्या. 'ज्ञानोदय'च्या अंकांत अमेरिकेतल्या गुलामीसाठी कुठले मराठी शब्द येतात ते नोंदवा : गुलाम, दास, बंदा, आणखी काही. प्रत्येक नोंदीला तारीख, पान आणि तो मजकूर कुणाच्या तोंडी आहे ते लिहा. मग 'गुलामगिरी' उघडा आणि त्यातला कुठला शब्द फुल्यांनी उचलला, कुठला टाळला ते बघा. अंक सोनपेठला मिळणार नाहीत; पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांसाठी दोन-तीन आठवडे आणि राहण्याचा खर्च आराखड्यात आत्ताच धरून ठेवा.