हुला गुणपत्रिकेत मावत नाही

हवाईतल्या हिलो गावच्या मेरी मोनार्क महोत्सवातले अलीकडचे हुलाच्या स्पर्धेचे नाच पाहताना एक गोष्ट फार खुपते. रांगा इतक्या सरळ झाल्या आहेत की नाचणारी माणसे दिसेनाशी झाली आहेत. साऱ्या जणींचे हात एकाच कोनात वळतात, कापडाच्या चुण्या एकाच क्षणी थांबतात, चेहऱ्यांवरचे हसूसुद्धा एकाच मापाचे. ज्या काव्यासाठी हे सगळे मांडले, ते मात्र मागे बसलेल्या कुमुच्या, म्हणजे गुरूच्या, गळ्यात आणि इपु या भोपळ्याच्या वाद्याच्या ठोक्यातच राहते. हुला हा हवाईचा पारंपरिक नाच शब्दांवर उभा असतो. मेले, म्हणजे गायले जाणारे काव्य, नसेल तर हुला नाही, हे त्या परंपरेतला कोणीही गुरू पहिल्याच दिवशी सांगतो. मग शब्द न कळणाऱ्यालाही डोळे दिपवून जिंकता येते, अशी स्पर्धा कशाची?

महोत्सवाचे ऋण मी नाकारत नाही. 1960 च्या त्सुनामीने मोडलेल्या गावात लोक यावेत म्हणून तो सुरू झाला. 1971 मध्ये डॉटी थॉम्पसन आणि जॉर्ज नाओपे यांनी त्यात हुलाची स्पर्धा आणली, 1976 पासून पुरुषही स्पर्धेत उतरले. काहिको म्हणजे जुना, मंत्रोच्चारांवरचा नाच तरुणांच्या अंगी पुन्हा आला तो बराचसा याच मंचामुळे. पण जिवंत केलेल्या गोष्टीला पुढे श्वासही घेऊ द्यावा लागतो.

बेटावरच्या बाकीच्या कलांबद्दल थोडक्यात सांगतो. हॉटेलांच्या लुआउ मेजवान्यांमध्ये ताहितीचे कंबरेचे झटके हुला म्हणून विकले जातात. त्याची समीक्षा होऊ शकत नाही. कोआ लाकडाचे वाडगे आणि लाव्हाची चित्रे यांत हात कसलेला असतो, नजर पर्यटकाची. स्लॅक-की गिटार गोड वाजते आणि गोडव्यावरच थांबते.

जिथे थांबून पाहावे अशी जागा एकच आहे: हालाउ ओ केकुही, कानाकाओले घराण्याचा हालाउ, म्हणजे हुलाची शाळा. स्पर्धा होते ते हिलोचे स्टेडियम याच घराण्याच्या एडिथ कानाकाओले यांच्या नावाचे. 2023 मध्ये अमेरिकेने त्यांची प्रतिमा पाव डॉलरच्या नाण्यावर आणली. पण त्यांचा हालाउ त्या स्टेडियममध्ये गुणांसाठी नाचत नाही. बुधवारच्या विनामूल्य रात्री, स्पर्धा सुरू होण्याआधी, तो वर्षानुवर्षे नाचत आला. बेटावरचा सर्वांत वजनदार नाच स्पर्धेबाहेर आहे, आणि तो तिथे का आहे हे त्याची शैलीच सांगते. या घराण्याची आइहाआ शैली जमिनीलगतची. गुडघे खोल वाकलेले, पाऊल धपकन पडते, आवाज छातीतून फुटतो. हा पेलेचा, ज्वालामुखीच्या देवीचा नाच आहे. त्यात नजाकत शोधणाऱ्याने दुसरीकडे जावे.

एडिथ यांच्या मुली पुआलानी आणि नालानी यांनी 1995 मध्ये ‘होलो माई पेले’ रंगमंचावर आणले. पेले आपली धाकटी बहीण हिइआका हिला काउआईवरून प्रियकराला आणायला पाठवते, परतायला उशीर झाला म्हणून तिची लेहुआची वने आणि मैत्रीण होपोए यांना जाळून टाकते. ही कथा त्यांनी मेलेंच्या सलग ओघात उभी केली. त्यात दिसणारी आग हा नेपथ्याचा परिणाम नाही. कथेतली ती वने ज्या पुना भागातली, त्याच पुनामध्ये 2018 च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने सातशेहून अधिक घरे गिळली. लेहुआची फुले देणारी ओहिआची झाडे बुरशीच्या रोगाने मरू लागली, तेव्हा नर्तकांना हारांसाठी ती फुले न खुडण्याचे आवाहन करावे लागले. ज्या झाडाचे गाणे गायचे ते झाड मरत असताना हारांच्या सौंदर्यावर बोलत राहणारी समीक्षा मला निर्दय वाटते.

म्हणूनच माझ्या लेखी गेल्या काही दशकांतला सर्वांत मोठा हुला 2019 मध्ये कोणत्याही मंचाशिवाय झाला. मौना केआ डोंगरावर तीस मीटरची दुर्बीण उभारण्याला विरोध करत लोक पुउहुलुहुलुपाशी, सुमारे 2000 मीटर उंचीवर, रस्ता अडवून बसले. ज्येष्ठांना अटक झाली. तिथे सकाळी, दुपारी, संध्याकाळी ओली, म्हणजे मंत्रगीते, म्हटल्या गेल्या, हुला झाले. कानाकाओले घराण्यातली माणसे तिथे होती, आणि कधी हालाउची पायरी न चढलेलेही रांगेत उभे राहून शिकत होते. परीक्षक नव्हते, तिकिटे नव्हती. शब्द कोणाला उद्देशून आहेत हे नाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. तो डोंगर समोर होता.

हे आंदोलन झाले, कला कुठे आहे, असे विचारणाऱ्यांनी हुलाचा इतिहास वाचावा. 1830 मध्ये राणी काआहुमानूने सार्वजनिक हुलावर बंदी घातली. 1883 मध्ये कालाकाउआ राजाने राज्याभिषेकात तो उघडपणे नाचवला, तेव्हा कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. 1896 मध्ये शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. ज्या नाचाची भाषा, देवता आणि जमीन तिन्ही हिरावण्याचे प्रयत्न झाले, त्याच्याकडून तटस्थ सौंदर्याची अपेक्षा करणे म्हणजे तेच काम गोड शब्दांत पुढे नेणे.

मराठी वाचकाला हे दूरचे वाटेल, पण ते तसे नाही. त्या दुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि भागीदार संस्थांत पुण्याची आयुका आहे. या वादाकडे विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असे पाहण्याची सवय आपण सोडायला हवी. डोंगरावर नाचणारे लोक ताऱ्यांविरुद्ध नव्हते. ताऱ्यांच्या आधाराने समुद्र ओलांडून या बेटांवर आलेल्यांचेच ते वंशज आहेत. आपल्या खगोलशास्त्रज्ञांनी, नृत्याच्या अभ्यासकांनी आणि वाचकांनी त्या डोंगराविषयी मत बनवण्याआधी तिथे म्हटली गेलेली एक तरी ओली अर्थासह ऐकावी, ही माझी मागणी आहे.