नव्या खेळाच्या पोटातला जुना खेळ

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही महाभारताच्या जन्माची कथा मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत मात्र ती नाही. ती परिशिष्टात आहे. १९१९ साली हाती घेतलेले हे काम १९६६ साली पुरे झाले आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखटणकरांनी घालून दिलेली शिस्त साधी होती. वर संहिता, तळाशी पाठभेद आणि मागाहून आलेला मोठा मजकूर परिशिष्टात. काहीही फेकायचे नाही, पण काहीही लपवायचेही नाही.

या शिस्तीची आठवण एका अगदी निराळ्या विषयामुळे झाली. जुने आर्केड खेळ आज टिकतात ते बहुतेक नव्या व्हिडिओ गेमच्या पोटात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत. उरलेल्यांना नव्याचा आसरा घ्यावा लागतो. पण आसरा देणारा पाहुण्याला जसाच्या तसा ठेवतो, की आपले कपडे घालायला लावतो?

यातले एक उदाहरण पुण्यातलेच आहे. जपानच्या नामको कंपनीचा पॅक-मॅन हा १९८० सालचा खेळ. त्याच्या अधिकृत मोबाइल अवताराचे काम पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने केले आहे. त्यात मूळचा भुलभुलैया आहेच, शिवाय नवे भुलभुलैये, टप्प्याटप्प्याने उलगडणारा प्रवास आणि स्पर्धाही आहेत. जन्मापासून मोबाइलच पाहिलेल्या मुलाच्या हाती चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ पडतो, ही लहान गोष्ट नव्हे. वाचक नसलेला ग्रंथ कपाटात सुरक्षित असतो, पण जिवंत नसतो. तरीही अशा प्रत्येक आवृत्तीला सुखटणकरांचा प्रश्न विचारायला हवा: यातले मूळ कोणते आणि भर कोणती?

पॅक-मॅनच्या बाबतीत तो प्रश्न बारकाव्यांचा आहे. चार भुतांचे चार स्वभाव आहेत. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरे पुढची जागा हेरते. निळे भूत लाल भुताच्या जागेवरून आपले लक्ष्य ठरवते. नारिंगी भूत जवळ आले की माघार घेते. आता गंमत अशी, की पॅक-मॅनचे तोंड वरच्या दिशेला असताना गुलाबी भुताचा हिशेब चुकतो. मूळ कार्यक्रमातल्या त्रुटीमुळे ते चार घरे वर आणि शिवाय चार घरे डावीकडे पाहते. त्याचप्रमाणे २५६ व्या लेव्हलला मोजणीची मर्यादा ओलांडली जाते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व आकड्यांच्या गोंधळाने भरून जातो.

नव्या आवृत्तीने या चुका दुरुस्त कराव्यात का? सज्जन अभियंता हो म्हणेल. पाठचिकित्सा नाही म्हणेल. तिचा जुना नियम असा, की दोन पाठांपैकी अवघड पाठ सहसा अधिक जुना. कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड क्वचितच करतो. गुलाबी भुताची चूक हा असाच अवघड पाठ आहे. पट्टीचे खेळाडू तिच्या आधारावर भुताला चकवत. चूक काढली तर खेळ सुधारतो आणि पुरावा नाहीसा होतो.

चुकीइतकाच हातही महत्त्वाचा. जॉयस्टिक वळणाच्या किंचित आधी फिरवली, तर मूळ पॅक-मॅन कोपरा कापून भुतांपासून थोडे अंतर मिळवतो. काचेवर बोट सरकवताना हे कसब निराळे होते. संहिता तीच राहिली, तरी पठण बदलते.

पोटात घेण्याच्या तऱ्हाही सारख्या नाहीत. नामकोच्याच रिज रेसर या शर्यतीच्या खेळाच्या १९९४ च्या प्लेस्टेशन आवृत्तीत, शर्यत यंत्रात भरली जाईपर्यंत १९७९ चा गॅलेक्झियन खेळायला मिळे. त्यातली सगळी शत्रुयाने पाडली, की जास्तीच्या मोटारी हाती येत. कल्पना चतुर खरी, पण वाट्याला येई एकच फळी. हे जतन नव्हे, अवतरण आहे.

याहून खोल प्रयत्न सेगाच्या १९९९ च्या शेनमू या खेळात दिसतो. त्याचा काळ १९८६ चा, गाव जपानमधले योकोसुका. तिथल्या आर्केडमध्ये हँग-ऑन आणि स्पेस हॅरियर हे १९८५ चे दोन खेळ पूर्ण खेळता येतात. तिन्ही खेळांचा कर्ता एकच, यू सुझुकी. नायकाला रोजचे ५०० येन खर्चाला मिळतात आणि एका डावाला १०० येन लागतात. म्हणून हरण्याला किंमत येते. ठरलेल्या वेळेची वाट पाहताना तो तिथे रेंगाळतो. नाणे, परिसर आणि रिकामा वेळ हे तिन्ही इथे जपले गेले. एक मात्र सुटले. हँग-ऑनच्या मोठ्या यंत्रात खेळाडू मोटारसायकलवर बसून अंग कलवत असे. घरी फक्त अंगठा हलतो.

आपल्याला ही रचना नवी नाही. वनपर्वात जुगारात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व नलाची कथा सांगतो. नलही द्यूतात हरलेला. कथा संपते तेव्हा बृहदश्व धर्मराजाला फासे टाकण्याची विद्याही देतो. आतली कथा बाहेरच्या कथेत काम करते, म्हणून ती तिथे शोभते. शेनमूतले आर्केड या कसोटीला उतरते. रिज रेसरमधला गॅलेक्झियन दारातूनच परत जातो.

जे दाखवले जात नाही, त्याचे काय होते हेही पुण्याने पाहिले आहे. १९६४ साली इथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे आहेत. ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. नवी आवृत्ती मुकाट्याने जुन्याच्या जागी बसली, की पुढच्या पिढ्यांना अंदाजावर भागवावे लागते.

म्हणून मागणी मोठी नाही. जुना खेळ पोटात घेणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाने एक परिशिष्ट जोडावे: कोणत्या यंत्रावरची प्रत घेतली, कोणती चूक सुधारली, काय गाळले, काय घातले. आणि पार्लरमध्ये नाणे मुठीत धरून ज्यांनी पाळीची वाट पाहिली, त्यांनी ती वाट पाहणेही लिहून ठेवावे. कार्यक्रम चिपमधून वाचता येतो. मागे उभ्या राहिलेल्या पोरांचा गलका कुठल्याच चिपमध्ये नाही.