'शास्त्र' हा शब्द आणि फलज्योतिषाची चाचणी

विज्ञान आणि विज्ञानाभास यांस वेगळे करणारे निश्चित लक्षण आहे काय, हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील जुना वाद होय. मराठीत तो शब्दामुळे अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. 'शास्' या धातूपासून आलेला 'शास्त्र' हा शब्द भौतिकशास्त्राप्रमाणेच पाकशास्त्र व ज्योतिषशास्त्र यांसही लागतो. त्यात नियमबद्ध उपदेश अभिप्रेत असतो. सत्यतेची हमी नसते. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमास 'ज्योतिर्विज्ञान' असे नाव दिले, तेव्हा ती हमीही नावात शिरली.

जे अनुभवाने खोटे ठरू शकते ते वैज्ञानिक, असे लक्षण कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडले. ज्योतिषांची भाकिते संदिग्ध असल्याने ती खोटी ठरतच नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी ही संदिग्धता दूर केली. हुशार व मतिमंद अशा प्रत्येकी १०० मुलांच्या पत्रिकांतून निवडलेल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषास देण्यात आल्या. यदृच्छेने २० उत्तरे बरोबर येणे अपेक्षित होते. यशासाठी २८ आवश्यक होती. भाग घेणाऱ्या २७ ज्योतिषांपैकी सर्वोत्तमाची २४ उत्तरे बरोबर आली.

या निष्कर्षाने दावा फेटाळला गेला, हे निर्विवाद आहे. परंतु पॉपर यांचे लक्षण त्याने बळकट झाले, असे म्हणता येत नाही. जो दावा खोटा ठरला, तो खोटा ठरण्याजोगा होताच. मग या लक्षणानुसार तो वैज्ञानिक मानावा लागेल. लॅरी लॉडन यांचा १९८३ मधील आक्षेप नेमका हाच होता. म्हणून लक्षण विधानात न शोधता विधान करणाऱ्यांच्या व्यवहारात शोधावे, हा पॉल थॅगार्ड यांनी १९७८ मध्ये सुचविलेला मार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

तोही निर्वेध नाही. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचे वैश्विक प्रारण सापडल्यावर स्थिर-स्थिती सिद्धान्त बहुतेकांनी सोडला. हॉइल, बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ मध्ये तो सुधारून पुन्हा मांडला. वरवर पाहता हाही हट्टच. भेद इतकाच की, त्या प्रारणाचा उलगडा करण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आणि आपला सिद्धान्त निरीक्षणांच्या निवाड्यास खुला ठेवला. प्रतिकूल पुराव्याचे हे उत्तरदायित्व ज्या अभ्यासात पाळले जाते, त्यासच 'विज्ञान' हे नाव शोभते; 'शास्त्र' या नावास ते आवश्यक नाही. अभ्यासक्रमांची नावे ठरविताना विद्यापीठांनी हा भेद पाळणे अगत्याचे आहे.