बीजाणू गाळलेली बुरशी

‘द लास्ट ऑफ अस’ (२०२३) ही एचबीओची मालिका १९६८ सालातल्या टीव्हीवरच्या एका मुलाखतीनं सुरू होते. एक शास्त्रज्ञ शांतपणे सांगतो, की त्याला भीती बुरशीची वाटते. ती मुंगीवर ताबा मिळवते. पृथ्वी थोडी तापली तर माणसाच्या अंगातली ऊबही तिला अडवणार नाही. प्रेक्षकांचं हसू विरत जातं. रक्ताचा थेंबही न दाखवता अंगावर काटा येतो.

पुढे मात्र मालिकेचा आपल्याच बुरशीवरचा विश्वास उडतो. २०१३च्या मूळ गेममध्ये हवेत बीजाणू होते; पात्रं मुखवटे घालून वावरत. मालिकेनं पहिल्या पर्वात बीजाणू गाळले. आता बाधित माणूस चावतो, आणि जमिनीखालच्या तंतूंवर एका ठिकाणी पाय पडला की दूरचे बाधित जागे होतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही रचना ओळखीची वाटली: इकडे घंटा, तिकडे फौज.

आमच्या घोडेगावच्या पट्ट्यात, मुळा कालव्याच्या उसात, बुरशी पुडीतून येते. हुमणीची अळी उसाची मुळं खाते. तिच्यासाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून जमिनीत देतात. त्या पावडरीत बीजाणूच असतात. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली तर रुजतो आणि कातडी भेदून आत शिरतो. अळी मरायला दिवस लागतात. मग तिच्यावर हिरवट थर धरतो. जमीन सुकली की काम रखडतं, कडक उन्हात बीजाणू निकामी होतात. ज्याच्या डोक्यात बुरशी म्हणजे चढाई असते, त्याला दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली की पुडी खोटी वाटते, आणि तो पुन्हा विषारी औषधाकडे वळतो.

मुंगीतही सेनापती सापडत नाही. २०१७मध्ये संशोधकांनी बाधित मुंग्यांच्या शरीराचे सूक्ष्म छेद संगणकाच्या मदतीनं तपासले. बुरशीच्या पेशींनी स्नायूंभोवती जाळं विणलं होतं. मेंदूत मात्र त्या नव्हत्या.

नटांचे चेहरे दिसायला हवेत, मुखवटे अडचणीचे, हे समजतं. पण चावणाऱ्याला गोळी घालता येते. श्वासातून आत जाणाऱ्या बीजाणूला घालता येत नाही. पहिल्या पाच मिनिटांतली भीती त्या दुसऱ्या जातीची होती. उरलेल्या मालिकेत गोळ्याच जास्त सुटतात.