अंतःकरणातला देव्हारा

यहेज्केल हा बायबलच्या जुन्या करारातला एक मोठा चमत्कारिक संदेष्टा. बाबेलच्या राजाने धरून नेलेल्या यहुद्यांबरोबर तोही परमुलखात जाऊन पडला होता. त्याच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. इस्राएलचे काही वडीलधारे त्याच्यासमोर येऊन बसतात. देवाचा कौल त्यांना हवा असतो. माणसे सभ्य, धर्मशील. हातात कोणत्या परक्या दैवताची मूर्ती नाही. तरी देव संदेष्ट्याला सांगतो की, यांनी मूर्ती मांडल्या आहेत त्या आपल्या अंतःकरणात. आणि पुढचे बोलणे त्याहून भयंकर. असा माणूस विचारायला आलाच, तर त्याला उत्तर मिळेल ते त्याच्या मूर्तींच्या बेताचे. म्हणजे जे मनात धरून पोथी उघडावी तेच पोथीत सापडायचे, आणि ते देवच बोलला असे वाटायचे!

घरोघर लक्ष्मीपूजनाची तयारी चालली असताना या मास्तरांनी हे कुठले मूर्तिभंजनाचे पुराण काढले, असे वाचकांनी कृपा करून म्हणू नये. आपल्या घरच्या देव्हाऱ्याशी माझे भांडण नाही. तो निदान दिसतो तरी. त्यावरची धूळ पुसता येते. मी बोलतो आहे तो न दिसणाऱ्या देव्हाऱ्याविषयी, आणि तेही एका कादंबरीच्या निमित्ताने. मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. परंतु कादंबऱ्या लिहितो आणि वाचतो, आणि मनात देव कसे मांडले जातात हे मला एका कादंबरीने जितके स्पष्ट दाखवले तितके कोणत्या प्रवचनाने दाखवले नाही. ती कादंबरी म्हणजे शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’.

१८४७ साली ‘करर बेल’ या टोपणनावाने ती लंडनला प्रसिद्ध झाली. लेखिका यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावच्या धर्मोपदेशकाची मुलगी. बायबल तिच्या कानांवर, आपल्याकडे एखाद्या कीर्तनकाराच्या घरी अभंग पडावेत तसे, पडलेले. तिच्या सगळ्या पुस्तकात बायबल आहे. पण ते कोण कशासाठी उघडतो इकडे तिचे बारीक लक्ष आहे.

पहिला उघडतो तो लोवुडच्या अनाथ मुलींच्या शाळेचा चालक, ब्रॉकल्हर्स्ट. दहा वर्षांची जेन त्याला सांगते की स्तोत्रे तिला गोडीची वाटत नाहीत. लगेच तो तिला दगडाचे हृदय जाऊन मांसाचे हृदय मिळावे म्हणून प्रार्थना करायला सांगतो. गंमत अशी की हा दाखला त्याच यहेज्केलचा आहे! पुढे सकाळची लापशी करपल्यामुळे उपाशी राहिलेल्या मुलींना मिस टेंपल पाव आणि चीज देते, तेव्हा माणूस केवळ भाकरीने जगत नाही हे वचन तो तिच्या तोंडावर फेकतो. मुलींचे कुरळे केस देहाचे चोचले म्हणून कापायचा हुकूम सोडतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या बायको-मुली मखमल, रेशीम आणि फर लेवून, बायको तर खोट्या कुरळ्या बटा लावून, दारातून आत येतात. प्रसंग झकास आहे. परंतु ब्रॉकल्हर्स्ट हा सोपा माणूस आहे. त्याच्यासारख्या ढोंग्याला ओळखायला ब्राँटेची गरज नव्हती. आपल्या कोणत्याही तमाशातल्या सोंगाड्याने तो दोन वाक्यांत उघडा पाडला असता.

दुसरी मूर्ती जेनची स्वतःची. लग्न ठरल्यावर तिलाच कळून चुकते की रॉचेस्टर तिच्या आणि देवाच्या मध्ये ग्रहणासारखा उभा आहे. तिने त्याला देव करून टाकले आहे. हे कबूल करताना ती आडपडदा ठेवत नाही. म्हणूनच लग्नाच्या वेळी त्याची पहिली बायको जिवंत असल्याचे उघड झाल्यावर ती त्याला सोडून जाऊ शकते. मूर्तीला मूर्ती म्हटले की ती निम्मी फुटते, असे मला वाटते.

खरा प्रश्न उभा राहतो तो तिसऱ्या माणसाशी, सेंट जॉन रिव्हर्सशी. हा तरुण धर्मोपदेशक ढोंगी नाही. पावसापाण्यात, बर्फात तो गोरगरिबांच्या घरी जातो. सुंदर आणि श्रीमंत रोझामंडवर त्याचे प्रेम आहे, ते त्याने स्वतःच्या हाताने चिरडले आहे, कारण त्याला हिंदुस्थानात धर्मप्रचाराला जायचे आहे आणि तिथे ती टिकणार नाही. पैसा, सुख, प्रेम या सगळ्या मूर्ती त्याने फोडल्या आहेत. मग त्याच्या देव्हाऱ्यात उरले काय? ज्या हातांनी फोडल्या ते हात! त्याचे कार्य, त्याचा निर्धार, त्याचे ‘मी’पण, आणि त्याच्यावर देवाचे नाव घातलेले असल्यामुळे ते त्याला कधी दिसतच नाही.

तो जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो. मग तिला मागणी घालतो: प्रेमासाठी नाही, आपल्या धन्याच्या सेवेसाठी. ती म्हणते, बहीण म्हणून बरोबर येते. ते त्याला चालत नाही. लग्नच हवे. त्या नकाराने त्याचा अहंकार दुखावला असता तर आपण समजू शकलो असतो. पण तो तिला बजावतो की, तू मला नाकारीत नाहीस, देवाला नाकारते आहेस. पुढे एका रात्री घरच्या प्रार्थनेत तो प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय वाचतो. नवे आकाश, नवी पृथ्वी, माणसांच्या डोळ्यांतले अश्रू पुसणारा देव, असा तो बायबलमधला अतिशय कोमल अध्याय. त्यातच भित्र्यांना आणि विश्वास न ठेवणाऱ्यांना अग्नीच्या सरोवरात वाटा मिळेल असे एक वाक्य आहे. ते वाचताना त्याचा रोख आपल्याकडे आहे हे जेनला कळते. तो एक अक्षरही बदलत नाही, चुकीचा अर्थ सांगत नाही. फक्त वाचतो. यहेज्केलसमोर बसलेले ते वडीलधारे मला इथे हटकून आठवतात. देवाच्या वचनात सेंट जॉनला जे उत्तर मिळाले ते त्याच्या मूर्तीच्या बेताचे होते.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चित्रे काढणारी एक मुलगी होती. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मी तिच्या वह्या कपाटात ठेवून घेतल्या. तुझ्याच भल्यासाठी, असे तिला सांगितले, आणि त्या क्षणी ते मला अगदी खरे वाटत होते. शाळेच्या फळ्यावर तिचे नाव लागले. खाली मार्गदर्शक म्हणून माझे. वह्या परत दिल्या तेव्हा तिने त्या घेतल्या, पण उघडल्या नाहीत.

बायबलमध्ये पितळी सापाची एक गोष्ट आहे. रानात साप चावून लोक मरू लागले, तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून तो साप करून खांबावर लावला. त्याकडे पाहणारे वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. सोन्याचे वासरू फोडणे सोपे आहे. ते मुळातच चुकीचे. पण देवाने सांगून करवलेली, प्राण वाचवलेली वस्तू फोडायची म्हणजे राजाची छातीच हवी. सेंट जॉनचे कार्य हा असा पितळी साप आहे.

ब्राँटेने तो फोडला का? इथे माझे तिच्याशी पटत नाही. जेन त्याच्या कचाट्यातून सुटते, आंधळ्या झालेल्या रॉचेस्टरकडे जाते, सुखी होते. मग कादंबरी तिथे संपायला हवी. पण शेवटचा परिच्छेद लेखिकेने सेंट जॉनला दिला आहे. हिंदुस्थानात तो एखाद्या महाकाय योद्ध्यासारखा धर्मभेद आणि जातिभेद छाटीत पुढे चालला आहे, मरणाच्या दारात आहे, आणि शेवटचे शब्द त्याच्या पत्रातले, पुन्हा प्रकटीकरणातलेच. ज्या ग्रंथाचा त्याने एका असहाय मुलीवर दंडुका केला, तोच आता त्याच्या डोक्याभोवतीचे तेजोवलय होतो! पुष्कळ टीकाकारांना यात उपरोध दिसतो. मला तो दिसत नाही. मला दिसते ती एका धर्मोपदेशकाच्या मुलीची भीती, शेवटच्या पानावर हातोडा खाली ठेवणारी. आणि ज्या देशात हा पराक्रम चालला आहे त्या देशातला एकही माणूस कादंबरीच्या पानावर येत नाही. कलकत्त्याचे नाव येते, तेही तिथल्या उन्हापायी. दुरून पाहणाऱ्याला मूर्ती अधिकच उजळ दिसते.

पण तिकडून एक माणूस खरोखर इंग्लंडात गेले. पंडिता रमाबाई १८८३ साली गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेजच्या भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ‘जेन एअर’ वाचली होती की नाही याच्याशी इथे कर्तव्य नाही. त्यांच्यापुढे सेंट जॉन मात्र निरनिराळ्या वेषांत येऊन उभा राहिला. सिस्टर जेरल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने आला. तो जरूर वाचावा. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे ही बाई विचारते. लॅटिन ही काही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र नाही असे सांगते. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशप नापसंती दाखवतात, तेव्हा ती ऐकून घेत नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेल्या मानेवर दुसरे जोखड ती चढू देणार नव्हती. देव आणि देवाच्या नावाने बोलणारा माणूस यांतला फरक जेनला जिवाच्या आकांताने सापडला. रमाबाईंनी तो शांतपणे, पत्रांतून, मुद्देसूद मांडला. सिस्टर जेरल्डिन वाईट बाई नव्हत्या. त्यांना रमाबाईंचे भलेच हवे होते. म्हणून तर ती पत्रे वाचताना जीव कासावीस होतो.

आणि तरीही गोष्ट इतकी सरळ नाही. याच रमाबाईंनी पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून संबंध बायबल मराठीत आणायला घेतले, तेव्हा खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी भाषा हवी म्हणून, आणि जुन्या धर्मकल्पनांचा वास नको म्हणून, संस्कृत वळणाचे कितीतरी शब्द कटाक्षाने वगळले. क्रूसासाठी संस्कृत मागणारी हीच का ती बाई? मूर्ती फोडता फोडता शुद्धतेची एक नवी मूर्ती त्यांच्या हातून घडली, असे म्हणणारे म्हणतील. मला निश्चित सांगवत नाही. खेड्यातल्या बाईसाठी पंडितेने आपली पंडिताई उतरवून ठेवावी, यात काहीतरी मोडले आहे एवढे खरे. ते शब्दभांडार होते की देव्हारा, यावर माझे मत दर वाचनाला बदलते.

१९२२ साली रमाबाई गेल्या. भाषांतर तोवर हातावेगळे झाले होते. छापून पुरे झाले ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला मुक्तिसदनातल्या बायका होत्या. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा. यहेज्केलचा चौदावा अध्यायही त्यांनीच, एकेक अक्षर उचलून, उलटे वाचीत जुळवला.